एकसष्ट झाडांना गेरू

"अहो, विसावं झाड बघा. पट्टा वर गेलाय," वैजयंतीबाई डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच म्हणाल्या.

खंडेराव चार पावलं मागे सरकले आणि एक डोळा मिटून रांग न्याहाळू लागले. विसाव्या कडुनिंबावरचा पट्टा खरोखरच बोटभर वर होता. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला अशी बोटभर चूक घास गोड लागू देत नाही. त्यांनी साडेतीन फुटांवर पुन्हा सुतळी बांधली आणि कुंचला उचलला. खाली गेरू, वर चुन्याचा पांढरा पट्टा. बेळगावपासून अंबाल्यापर्यंत, जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे त्यांनी झाडं अशीच रंगवली होती.

पण ही झाडं आता फार दिवसांची नव्हती.

साल होतं १९९४, महिना मे. गुडगावच्या नव्या कॉलनीत सुभेदार खंडेरावांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. कॉलनीच्या पलीकडे बणी होती. बणी म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लावता राखलेलं रान. ते आता एका कंपनीने विकत घेतलं होतं. तिथे शॉपिंग कॉम्प्लेक्स होणार होतं, तेही सरकत्या जिन्याचं. झाडं तोडायचा ठेका राजवीर नावाच्या माणसाकडे गेला होता आणि तो सोमवारी येणार होता.

वैजयंतीबाईंचा जीव अडकला होता आतल्या एका जुन्या पिंपळात. त्याच्या ढोलीत धनेशाच्या मादीने अंडी घातली होती. ही मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून भरवत राहतो. जूनमध्ये पिल्लं उडाली असती. सोमवारी झाड पडलं, तर ती आतल्या आत मेली असती. त्या विचाराने वैजयंतीबाईंना जेवण जात नव्हतं. त्यांनी अकरा अर्ज केले होते, पण एकाचंही उत्तर नव्हतं.

शेजारची वृंदा म्हणाली होती, "काका, वर्दी घालून जा ना यार! दम द्या त्या ठेकेदाराला."

खंडेरावांचे कान लाल झाले होते. खोटेपणाचा वास आला तरी त्यांचे कान लाल होत. "रिटायर माणसाने वर्दीचा धाक दाखवायचा? बिल्कुल नाही. माझ्याकडून ते होणार नाही."

मग दोन दिवसांनी वैजयंतीबाईंनी गेरूच्या गोण्या मागवल्या. बणीला वाळवी लागलीय म्हणाल्या.

"काकू, तोडायच्याच झाडांना औषध?" वृंदाने विचारलं.

"अगं, हे घरात असले की माझे डबे उंचीप्रमाणे रांगेत फॉलइन करतात. काल हळद सापडेना. बाहेर गुंतलेले बरे."

वृंदा पोट धरून हसली. तिला पटलं.

खंडेराव मात्र कामाला लागले की मन लावून लागत. एक मात्र त्यांना खटकत होतं.

"अगं, मला तर कुठे वाळवीची माती दिसत नाही."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल तुमचा. रस्त्याकडची रांग आधी घ्या, तिकडे जास्त आहे. आणि पट्टा एका रेषेत येऊ दे हं."

"आणि तुझ्या धनेशाचा पिंपळ?"

"त्याला हात लावू नका. तो ठणठणीत आहे."

रविवारी संध्याकाळी एकसष्टावं झाड झालं. उरलेल्या चुन्यात खंडेरावांनी रस्त्याकडेचे दगडही रंगवून टाकले. बादली रिकामी झाल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे.

सोमवारी सकाळी दोन ट्रक आले. माणसं उतरली, करवती उतरल्या. राजवीर जीपमधून उतरला. त्याने झाडांकडे बघितलं, दगडांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"सब वापस चढ़ाओ! फौज की ज़मीन है ये. सारी छावनियों में ऐसे ही पेड़ होते हैं. कंपनी ने मुझे बताया क्यों नहीं?"

कॉलनीच्या फाटकात उभ्या असलेल्या खंडेरावांनी हे ऐकलं. त्यांचे कान पेटले. ते ताठ चालत जीपपाशी गेले.

"देखिए, फौज का इससे कोई लेना-देना नहीं. ये रंग मैंने लगाया है. दीमक के लिए."

राजवीरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोरलेल्या मिशा, इस्त्रीची खाकी हाफपँट, आरशासारखे बूट.

"समझ गया, साहब," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आप बता नहीं सकते."

"अरे भाई, मैं रिटायर हूँ!"

"बिल्कुल, साहब. मैं भी यही बोलूँगा." त्याने चक्क सलाम ठोकला. "पहले फौज की चिट्ठी आएगी, तब आरी चलेगी. दो-तीन महीने तो गए."

ट्रक धूळ उडवत गेले. बणीत धनेश चिरक्या आवाजात ओरडला आणि चोचीत पिंपळाचं फळ घेऊन ढोलीकडे उडाला.

खंडेराव घरी आले ते डोकं धरूनच. झालेलं सगळं त्यांनी वैजयंतीबाईंना सांगितलं. "मी खरं तेच सांगितलं गं. पण त्याने विश्वासच ठेवला नाही!"

"तुम्ही खरं सांगितलंत ना? मग झालं. चहा घ्या."

"घेतो." त्यांनी कप उचलला. आता त्यांनाही थोडं हसू येत होतं. "चला, वाळवीच्या निमित्ताने का होईना, तुझी पिल्लं वाचली. पण या चष्म्याचं बघायला हवं. एकसष्ट झाडं रंगवली, मला एकावरही वाळवी दिसली नाही."

वैजयंतीबाईंनी त्यांचा चष्मा काढून घेतला, पदराने लख्ख पुसला आणि पुन्हा त्यांच्या नाकावर नीट बसवला.

"नंबर अगदी बरोबर आहे तुमचा."