लडलोचा फोटो

ह्यू आजोबांचा मुलगा दीड तासावर, ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात राहायचा. पण न्यू लिनच्या वृद्धाश्रमात तो वर्षभरात एकदाही फिरकला नव्हता. आज त्याने तिथल्या केअरगिव्हरला, विनिताला, फोटो पाठवले. जगाच्या दुसऱ्या टोकाला, वेल्सच्या सीमेवरचे किल्ले: चेपस्टो, गुडरिच, लडलो. लडलोच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘डॅड लहानपणी इथेच खेळायचे. त्यांना दाखव.’

“तिकडे जायला सवड मिळते, इथे यायला नाही,” विनिता मराठीत पुटपुटली आणि तिने फोन आजोबांसमोर धरला.

“बघा, तुमचा लडलोचा किल्ला.”

आजोबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. किल्ला स्क्रीनबाहेर गेला. कडेला उभा असलेला मुलगा तेवढा उरला.

“केस पिकले की याचे,” ते म्हणाले.