आधीपासूनचं गवत

खिडकीच्या चौकटीवर बोटभर धूळ. शेजारच्या व्हर्नच्या फाटकावर नवी सरकारी पाटी: 'मातीचा राखणदार'. अकरा पानांचा अर्ज आणि त्यावर 'अपात्र' असा शिक्का.

अर्ज लोरीनचा होता. पश्चिम कॅन्ससमधल्या त्या काउंटीच्या शेती कार्यालयात तिने तो तिथल्या अधिकारी कर्टिससमोर आपटला.

"माझ्या गवताचं कुंपण मोडलंय. लोकांची गुरं शिरतात, मुळासकट खातात. गवत राखायचीच योजना आहे ना तुमची?"

"गव्हाच्या जमिनीत नव्याने गवत लावणाऱ्यांसाठी आहे, लोरीनबाई. तुमचं आधीपासूनच आहे."

"व्हर्नने गव्हाचा भाव चढला म्हणून त्याचं गवत नांगरलं. त्याची माती उडून माझ्या ताटात पडते. आणि मदत त्याला?"

"त्याची जमीन बिघडलीय ना."

"बिघडवली कुणी? मी?"

कर्टिसने उठून दार लोटलं. "माझं नाव कुठे घेऊ नका. तुम्हीही नांगरा, चार-पाच वर्षं गहू काढा, मग या. पहिला नंबर तुमचा."

"म्हणजे राखलं हीच चूक झाली माझी."

लोरीनने त्याच्याच टेबलावरून व्हर्नला फोन लावला. "व्हर्न, तुझा नांगर मोकळा आहे का रे? सोमवारी पाठव."

लोरीनच्या सासऱ्याने ते गवत १९३६ साली पेरलं. आदल्या वर्षी, गवत नांगरून गहू पेरलेल्या रानांतून उठलेल्या वादळांची धूळ छातीत भरून त्याची दोन मुलं मेली होती.