तिचं बघणं लांबत चाललंय

“बाबा, ती बाई तुमच्याकडेच का बघते?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी सरळ विचारून टाकलं. मी काय कुणाला घाबरते!

आमच्या जुन्या थिएटरात बाबा सिनेमाचं मशीन चालवतात आणि आई दारात तिकिटं फाडते. सध्या तिथे स्वस्तात उरकलेला एक काळा-पांढरा खूनपट लागलाय. त्यातली बाई ज्या माणसाकडे टक लावून बघते, तो पुढच्या प्रसंगात मेलेला असतो. अगदी शेवटी ती मान वर करते आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मशीनच्या खोलीच्या झरोक्याकडे बघते.

“कॅमेऱ्याकडे बघते गं ती. तुझ्या टोळीला अभ्यास नाही वाटतं?”

“पण तिचं बघणं दर खेळाला लांबतंय, बाबा.”

बाबांचं हसू मावळलं. फिल्म नेमकी तिथेच तुटते. दर वेळी ते फाटका तुकडा कापून टाकतात आणि टोकं चिकटवतात. म्हणजे ते बघणं आखूड व्हायला हवं.

आज दुपारी बाबांना बाजूला सारून मीच झरोक्यात उभी राहिले. तिनं मान वर केली. नजर जराशी इकडेतिकडे फिरली, मग माझ्यावर येऊन थांबली. आणि सिनेमाभर एकदाही न हसणारी ती बाई हसली.

जेवताना आई म्हणाली, “अगं, बाबांकडे अशी टक लावून काय बघतेस?”

“काही नाही,” मी हसत म्हणाले. “उद्यापासून मशीन मीच चालवणार. बाबांनी यायची आता गरज नाही.”