बॉनेटवरची रेघ

धनवडे साहेबांनी बॉनेटवरच्या पांढऱ्या रेघेवर बोट आपटलं. "सगळ्यांच्या गाड्यांचे ओरखडे तासाभरात आपोआप भरून येतात. तुझ्याकडून कोटिंग करून घेतलं, तर माझाच का राहिला, नजमा?"

नजमा फडक्याला हात पुसत राहिली. गेल्या वर्षी तिच्या भावाला सायकलसकट उडवणारी गाडी पोलिसांनी तपासली, तेव्हा कोटिंग असं भरून आलं होतं की साधा चराही सापडला नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येक कोटिंगमध्ये स्वतः बनवलेली पूड मिसळत होती; साधे ओरखडे भरून यायचे, पण जोराच्या धडकेची पांढरी खूण मागे राहायची.

"ओरखडा भरलाय, साहेब. हा व्रण आहे. माणसाच्या कातडीवर राहतो तसा."

"पुसून टाक! आत्ताच्या आत्ता!"

"नाही पुसणार." तिने रेघेवर तळहात ठेवला. "आधी सांगा, कुणाला उडवलंत?"