अकरा पावलं

“खाट हलवायची न्हाई,” उंबऱ्यावर बसलेली मुक्ताबाई म्हणाली.

माधुरीने हातातली वायर खाली ठेवली. नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती आणि उद्या परीक्षक येणार होते. प्रकल्पासाठी तिने बनवलेली छोटी तीनचाकी गाडी आपण कुठे आहोत ते स्वतः ओळखायची. काष्टीतल्या या घराचा नकाशा तिच्यात भरलेला होता. सामान जागेवर असलं की ती गुणी पोरीसारखी चालायची. सामान हलवलं तरी चालायला हवी, असं सरांनी बजावलं होतं.

“आई, तासाभरासाठी. परत ठेवते ना.”

“चेतन दारातनं अकरा पावलं मोजून कोपऱ्यात येतो. मधी खाट आली तर आपटंल.”

चेतन माधुरीचा थोरला भाऊ, जन्मापासून आंधळा. गाडीला तिने त्याचीच रीत शिकवली होती. पावलांऐवजी चाकांचे फेरे मोजायचे, मोजणी चुकली की भिंतींचा अंदाज घ्यायचा.

त्याच्यापायी मुक्ताबाईने घरातला तांब्याही हलू दिला नव्हता. कोपऱ्यातल्या खाटेवरची वाकळ ती रोज झटकून घालायची. चुना द्यायला आलेला माणूस तिने दारातूनच परतवून लावला होता. घरच्यांनी तिच्यापुढे कधीच हात टेकले होते.

“पोरीचं वरीस वाया जाईल,” तिचा नवरा आसाराम म्हणाला. तिने मान फिरवली. मग त्यानेच खाट ओढून मधोमध आणली. मुक्ताबाई उंबऱ्यावरून उठली नाही.

माधुरीने दारातून गाडी सोडली. ती सरळ खाटेवर आपटली. मागे आली, भलत्याच कोपऱ्याकडे गेली, गोल गोल फिरली. तिला काहीच उमगत नव्हतं.

“अगं बाई,” मुक्ताबाई पुटपुटली. तिला बघवेना.

गाडी थांबली. आवाज सोडून, तो परत यायला किती वेळ लागतो यावरून तिने एक भिंत ताडली. मग दुसरी. मग खाटेला वळसा घालून ती सावकाश निघाली आणि खाट पूर्वी होती त्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

“सापडलं बघ, आई. सामान हललं तरी भिंती त्याच असतात ना.”

मुक्ताबाईने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग तिने पदराने डोळे पुसले.

“हलवा मग काय हलवायचं ते. खाट हलली तर माझ्या पोराला घर सापडायचं न्हाई, म्हनून जीव मुठीत धरून बसले हुते. त्यो गेला, त्याची माती केली त्या दिसापासनं.”