चिमूटभर वाळू

वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार आणि तापीकाठचं आपलं गाव मागेच राहणार हे ठरलं, तेव्हा अनंतने अकोल्याची नोकरी धरली. त्याने जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोने, मंगलाने, गुपचूप त्याच्या मोटारसायकलच्या टाकीत चिमूटभर वाळू टाकली. गाडी अडली. मग तो पायीच तापी ओलांडायला निघाला आणि पुराने त्याला नेलं.

दोन वर्षांनी तिने गावातल्या शनवारा पेठेच्या उखर्डू मिस्त्रीला बोलावलं. नवऱ्याची गाडी चालू झाली तर केलेलं थोडं तरी निस्तरेल, असं तिला वाटे.

उखर्डूने इंजिन खोललं, एकेक भाग घासलेटात धुऊन केळीच्या पानावर ओळीने मांडला आणि पिस्टनला नव्या रिंगा घालून सगळं जोडलं. किक मारली की आत करकर वाजे. उघडलं की पुन्हा वाळू.

"वहिनी, तीन दफे धुतलं! नदीत नांदते का काय ही गाडी?" तो हसला.

मंगला हसली नाही. "चिमूटभरच होती," ती पुटपुटली.

चौथ्यांदा इंजिनचं वरचं झाकण काढलं, तर सिलिंडर काठोकाठ भरलेला. वाळू ओली होती, गार होती. उखर्डू मागे सरला.

मंगलाने आत बोट घातलं.

खालून कुणीतरी ते अलगद धरलं.