दमण्याची मनाई

रायाजी शेलार, त्यांचे चिरंजीव बाळकोजी आणि बाळकोजींचे धोंडजी, तिघेही पलटणीत कसरतीचे उस्ताद होते, चौथी धोंडजींची लेक गिरिजा. तिच्या जवानांच्या मानेवर थकवा बंद करणारी चकती बसवलेली होती. धावता धावता विठू दळवीचे ओठ निळे पडले, तरी तो हसतच होता.

"थांब रे!" गिरिजा ओरडली.

"उस्ताद, दमलोच नाही!"

"थकवा बंद आहे बाई, काळजी कसली?" चकत्या बसवणारे कॅप्टन म्हणाले.

"मरणही बंद केलंत का, साहेब?" गिरिजा कडाडली. तिने चकती उपटली. विठू कोसळला. त्याला पाठीवर घेऊन ती इस्पितळापर्यंत धावली.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. "वाचेल."

विठूच्या आजोबांनी जखमी धोंडजींना असेच पाठीवरून बर्फातून उतरवले होते. शेलारांचे ते ऋण आज पुरते फिटले.